डायनोसॉरच्या पायाखालची जमीन

डायनोसॉरच्या किटचं खोकं उघडलं की सगळ्यांचं लक्ष आधी डोक्याकडे जातं. जबडा, दात, डोळा. मग धड, पाय, शेपूट. सांधे पुट्टीने बुजवायचे, पॉलिश पेपरने घासायचे, प्रायमर मारायचा, रंगाचे पाच-सहा हात द्यायचे. प्राणी वाळून उभा राहिला की शेवटच्या संध्याकाळी पायाखाली मूठभर वाळू, रेल्वे मॉडेलवाल्यांची हिरवी पावडर आणि एखादं प्लास्टिकचं ताडाचं झाड चिकटवून मोकळं व्हायचं. टायरानोसॉरसला ओठ होते की नव्हते यावर तावातावाने भांडणारी माणसं त्याच्या पायाखाली काय उगवत होतं हे विचारतसुद्धा नाहीत. मॉडेल खोटं वाटतं ते मात्र बहुतेक वेळा तिथेच.

सुरुवात अशी नव्हती. लंडनजवळच्या सिडनम इथल्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेत बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स या शिल्पकाराने १८५४ मध्ये नामशेष प्राण्यांचे पूर्णाकृती पुतळे उभे केले. सल्लागार होते रिचर्ड ओवेन, ज्यांनी १८४२ मध्ये ‘डायनोसोरिया’ हे नाव रूढ केलं. पुतळे तळ्यातल्या बेटांवर मांडले होते आणि शेजारी खडकांचे थर काळाच्या क्रमाने रचून दाखवले होते. प्राणी ज्या थरात सापडला त्या थराशी त्याचं नातं प्रेक्षकाला दिसावं, ही त्यामागची कल्पना. हॉकिन्सचा इग्वानोडॉन गेंड्यासारखा चार पायांवर उभा आहे आणि त्याच्या नाकावर शिंग आहे. ते शिंग मुळात अंगठ्याचं हाड, हे १८७८ मध्ये बेल्जियममधल्या बर्निसारच्या कोळसा खाणीत अख्खे सांगाडे निघाल्यावर पक्कं झालं. थोडक्यात, पहिल्याच मोठ्या देखाव्यात प्राणी चुकला होता आणि जमिनीचा विचार शाबूत होता. पुढच्या काळात हे उलटं झालं. प्राणी सुधारत गेला, जमीन मागे पडली. याच पुतळ्यांच्या लहान प्रतिकृती हॉकिन्सने शाळा-महाविद्यालयांसाठी विकायला काढल्या होत्या. घरातल्या फळीवर डायनोसॉर ठेवण्याची सोय तेव्हापासूनची.

जोडणीच्या प्लास्टिक किटांत जमिनीला मान दिला तो अमेरिकेतल्या ऑरोरा कंपनीने. १९७१ मध्ये सुरू झालेल्या तिच्या ‘प्रीहिस्टॉरिक सीन्स’ मालिकेत बहुतेक प्राण्यांबरोबर जमिनीचा तुकडा मिळे आणि हे तुकडे एकमेकांना जोडून मोठा देखावा करता येई. डांबराचं कुंड आणि दलदलीचं जंगल हे तर स्वतंत्र संचच होते. विज्ञानाच्या दृष्टीने ती मालिका म्हणजे गोंधळच. गुहामानव, अस्वल, मॅमथ आणि अ‍ॅलोसॉरस एकाच अंगणात. पण विकत घ्यायचा तो प्राणी नसून प्रसंग आहे, ही समज त्यात होती. ऑरोरा बंद पडल्यावर साचे मोनोग्राम कंपनीकडे गेले आणि त्यातले काही प्राणी पुन्हा बाजारात आले. पन्नाशी-साठी ओलांडलेले अमेरिकी मॉडेलकार आजही त्यांच्याबद्दल हळवे होतात.

जपानच्या तामिया कंपनीने डायनोसॉरसाठी रणगाड्यांच्या किटांमुळे रूढ झालेलंच १:३५ हे प्रमाण घेतलं. त्यामुळे सैनिकांच्या देखाव्यांसाठी बनलेलं सगळं सामान, दगड, झाडं, माणसं, डायनोसॉरवाल्यांना आयतं मिळालं. तामियाच्या जुन्या आणि नव्वदच्या दशकातल्या किटांमधला फरक पाहिला तरी विज्ञानातला बदल किटांपर्यंत कसा पोहोचला ते कळतं. जीवाश्मशास्त्रज्ञ जॉन ऑस्ट्रॉम यांनी १९६९ मध्ये डायनोनिकस या चपळ शिकारी डायनोसॉरचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि डायनोसॉर हा सुस्त, शेपूट ओढत चालणारा सरडा असल्याची समजूत ढासळू लागली. पाठीचा कणा आडवा झाला, शेपूट हवेत गेली. खरं तर याचा पुरावा जमिनीतच होता. डायनोसॉरच्या पाऊलवाटांच्या शेजारी शेपूट घासल्याच्या खुणा क्वचितच आढळतात. जमिनीकडे आधी पाहिलं असतं तर पुतळे आधी सुधारले असते.

१९९३ च्या ‘ज्युरासिक पार्क’नंतर पोकळ व्हिनाइलच्या आणि भरीव रेझिनच्या किटांना बहर आला. जपानमध्ये शिनोबू मात्सुमुरा यांच्या हातचे, ओसाकाच्या कायोडो कंपनीने काढलेले प्राणी आजही शिल्प म्हणून पाहण्यासारखे आहेत. बंदाई कंपनीने अलीकडे आधी सांगाडा आणि त्यावर शरीराचे भाग अशी जोडणी देणारी किटं काढली. मुलाच्या हातात पहिलं किट द्यायचं असेल तर त्यांची ‘प्लॅनोसॉरस’ ही छोटी, बिनगोंदाची मालिका मी सुचवीन. हाड आणि स्नायू यांचा संबंध त्यातून सहज कळतो. आता थ्रीडी प्रिंटरमुळे शिल्पकार किट न विकता फाइल विकतो आणि तुम्ही घरी हव्या त्या मापात छापता. रेझिनबद्दल एवढंच सांगतो, घासताना मास्क लावा आणि पाण्याखाली घासा. ती धूळ फुप्फुसाला चांगली नाही.

आता रंगाकडे. ‘डायनोसॉरचा रंग कोणाला ठाऊक, वाटेल तो द्या’ हे वाक्य २०१० पर्यंत चालून गेलं. त्या वर्षी चीनच्या सायनोसॉरोप्टेरिक्स या डायनोसॉरच्या पिसांमध्ये रंगद्रव्याचे सूक्ष्म कण ओळखले गेले आणि त्याची शेपटी तांबूस-पांढऱ्या पट्ट्यांची होती हे समजलं. अँकिऑर्निसचा काळा-पांढरा पिसारा आणि तांबडा तुरा त्याच वर्षीचा. मायक्रोरॅप्टरची काळी चकाकी २०१२ ची. २०१७ मध्ये कॅनडाच्या बोरिआलोपेल्टाची पाळी आली. साडेपाच मीटर लांबीचा हा चिलखती प्राणी पाठीवर लालसर तपकिरी होता आणि खाली फिका होत गेला होता. एवढ्या जाड चिलखतानंतरही लपायची गरज पडावी, म्हणजे शिकारी केवढे असतील, असा तर्क संशोधकांनी त्यावरून केला.

माझ्या मते या सगळ्यांत मॉडेलवाल्याला सर्वांत उपयोगी ठरणारं काम सिटॅकोसॉरस या डायनोसॉरवरचं आहे. जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या सेंकेनबर्ग संग्रहालयातल्या या जीवाश्मावर कातडीचे रंगही टिकले आहेत. संशोधक जेकब विंथर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये बॉब निकोल्स या शिल्पकाराकडून त्याची पूर्णाकृती घडवून घेतली. तिची दुसरी प्रत नुसत्या राखाडी रंगात रंगवली, ब्रिस्टलच्या वनस्पती उद्यानात प्राचीन धाटणीच्या झाडांमध्ये ठेवली आणि उघड्यावर व दाट सावलीत अंगावर छाया कशी पडते याचे फोटो काढले. मग त्या छायेची प्राण्याच्या खऱ्या रंगांशी तुलना केली. प्राण्याच्या अंगावर गडदपणा जिथे संपून फिकेपणा सुरू होतो ती रेष झाडीतल्या विखुरलेल्या उजेडाशी जुळली. म्हणजे हा प्राणी उघड्या माळावर नव्हे, जंगलाच्या छताखाली राहत असावा. एका मॉडेलने एका प्राण्याची जमीन शोधून काढली. आपण छंद म्हणून जे करतो तेच इथे प्रयोगाचं साधन झालं होतं.

यातून एक अडचण उभी राहते आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. लहान सैनिक-मूर्ती रंगवणाऱ्यांची आजची आवडती रीत म्हणजे काळ्या प्रायमरवर वरून पांढऱ्याचा फवारा मारायचा, म्हणजे वरचा भाग उजळ आणि खालचा गडद होतो आणि आकार उठून दिसतो. निसर्ग नेमका उलटा रंगवतो. पाठ गडद, पोट फिकं. हेतूही उलटा, आकार उठू नये असा. दोन्ही एकाच प्राण्यावर केलं तर एक दुसऱ्याला खातं आणि उरतो तो मातकट, सपाट प्राणी. माझं मत स्पष्ट आहे. डायनोसॉरवर निसर्गाची बाजू घ्या. सावली खोलीतला दिवा पाडतोच. रंगवून घालायची तर बगलेत, मांडीच्या घडीत, खवल्यांच्या फटीत वॉशने, म्हणजे पाण्यासारख्या पातळ रंगाने घाला आणि तिथेच थांबा.

खवल्यांचंही तसंच. टायरानोसॉरसच्या कातडीचे जे ठसे सापडले आहेत त्यांत खवले अगदी बारीक, मिलिमीटरभराचे आहेत. १:३५ मध्ये असा खवला मिलिमीटरच्या तीन शतांशाएवढा होईल, डोळ्यांना दिसणारच नाही. तरीही किटांवर मगरीची पाठ कोरलेली असते, आणि आपण वर ड्रायब्रश मारून, म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश फिरवून, ती आणखी उठवतो. प्राणी मग बारा मीटरचा न वाटता बारा इंचांचा सरडा वाटतो. जाड प्रायमरचा एखादा हात जास्त झाला तर इथे फायदाच आहे. ओठांचा प्रश्न अजून मिटलेला नाही. २०२३ मध्ये ‘सायन्स’मधल्या शोधनिबंधाने दात ओठांनी झाकलेले असावेत असं मांडलं, सगळ्यांनी ते मानलेलं नाही. मिटलेलं तोंड रंगवायला सोपं आणि दिसायला जास्त भीतिदायक असतं, एवढं मात्र नक्की.

आणि आता जमीन. डायनोसॉरचे सांगाडे टिकतात ते मुख्यतः गाळात. नदीचा पूर, तळ्याचा तळ, वाहती वाळू यांनी प्राण्याला पटकन झाकलं तरच हाडं उरतात. गाळाची जमीन बहुतेक सपाट असते. मॉडेलवाले मात्र कडे, सुळके आणि धुमसणारे ज्वालामुखी रचतात. डोंगरमाथ्यावर जगलेल्या प्राण्यांची आपल्याला जवळजवळ माहितीच नाही, कारण तिथे गाळ साचत नाही, खडक झिजतो. प्रामाणिक बेस हा बहुधा सपाट, चिखलाचा आणि पहिल्या नजरेला कंटाळवाणा असतो. खरी कारागिरी तिथे लागते. सुळका कोणालाही जमतो, ओला आणि अर्धवट सुकलेला चिखल शेजारी-शेजारी दाखवणं कठीण.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे हाडं आज जिथे सापडतात तिथलं आजचं दृश्य तेव्हाही असणार असं समजणं. टायरानोसॉरस आणि ट्रायसेरॅटॉप्स माँटानाच्या उजाड, भेगाळ टेकड्यांत सापडतात, म्हणून त्यांना वाळवंटात उभं केलं जातं. त्यांच्या काळी, सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी, तिथे उबदार, दमट नदीकाठ होता. रुंद पानांची सपुष्प झाडं, ताड, गिंको, सूचिपर्णी वृक्ष. उलट व्हेलोसिरॅप्टरला सिनेमामुळे जंगलात धाडतात, आणि तो होता मंगोलियाच्या वाळूच्या टेकड्यांमधला. १९७१ मध्ये तिथे व्हेलोसिरॅप्टर आणि प्रोटोसेरॅटॉप्स एकमेकांना भिडलेल्या अवस्थेत वाळूत गाडलेले मिळाले. एवढा तयार देखावा दुसरा नसेल. लालसर वाळू, दोन प्राणी, एकही झाड नाही. खर्चही कमी.

गवताची गोष्ट सर्वांत मजेची, आणि ती थेट आपल्या दारात येते. जाणकार मॉडेलवाले एक नियम घोकतात, डायनोसॉरच्या बेसवर गवत लावायचं नाही, कारण गवत नंतर आलं. ज्युरासिक काळापुरता हा नियम अगदी खरा. तिथे नेचे, सायकॅड, हॉर्सटेल आणि सूचिपर्णी लावावेत. फुलं तर मुळीच नकोत. पण चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा गावाजवळ डायनोसॉर काळाच्या अखेरीची अश्मीभूत विष्ठा विपुल सापडते. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यातले वनस्पतींचे सूक्ष्म सिलिका कण तपासले आणि २००५ मध्ये ‘सायन्स’मध्ये जाहीर केलं की त्यांत गवताचे निदान पाच प्रकार आहेत. शेजारी ताड आणि सूचिपर्णी झाडांचे कणही होते. खाणारे प्राणी बहुधा टायटॅनोसॉर, म्हणजे लांब मानेचे शाकाहारी. जगभरातल्या पाठ्यपुस्तकांना विदर्भातल्या शेणाने दुरुस्ती सुचवली. तेव्हा नियम असा लिहायला हवा: गवत नको, पण प्राणी क्रिटेशियसच्या अखेरचा आणि भारतातला असेल तर थोडं चालेल. हिरवळीचा गालिचा मात्र नको, तुरळक झुबके पुरेत.

असा प्राणी आपल्याकडे आहेही. चंद्रपूर जिल्ह्यातल्याच डोंगरगावच्या टेकडीवर मिळालेल्या सांगाड्याचं वर्णन १९९७ मध्ये सोहन जैन आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी केलं. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून २००३ मध्ये त्याला इसिसॉरस हे नाव मिळालं. साधारण अठरा मीटर लांब. १:३५ मध्ये तो एकावन्न सेंटीमीटर होईल, १:७२ मध्ये पंचवीस. तामियाच्या यादीत एकही भारतीय डायनोसॉर नाही, त्यामुळे ज्याला करायचा त्याने ब्रॅकिओसॉरसचं किट कापून किंवा तारेच्या सांगाड्यावर एपॉक्सी पुट्टी चढवून करावा. एक काळजी घ्यावी. टायटॅनोसॉरच्या पुढच्या पायाला हत्तीसारखी नखं काढू नयेत. त्यांचा पंजा खांबासारखा होता आणि बोटांची टोकं जवळजवळ नाहीशी झाली होती. बाजारातली निम्मी खेळणी इथेच घसरतात. बेसला पिसदुऱ्यासारखी तांबडी माती, उथळ तळ्याचा काठ, थोडे ताड. लांबवर काळ्या बेसाल्टचा एखादा थर दाखवला तर तोही खोटा नाही, कारण त्या काळात दख्खनचे लाव्हा थर पसरायला लागले होते.

प्रत्यक्ष करण्याबद्दल थोडं. मातीचा उंचवटा रचायची सवय महाराष्ट्रात दिवाळीच्या किल्ल्यामुळे बहुतेकांच्या हाताला लहानपणीच लागते, पण अळीव पेरून चार दिवसांची हिरवळ मिळवणं वेगळं आणि वर्षानुवर्षं टिकणारा बेस करणं वेगळं. तळाला जाड एमडीएफ किंवा मरीन प्लाय घ्या, पातळ प्लाय ओल्या पीओपीने वाकतो. उंची थर्माकोलने द्या, वर पेपरपल्प किंवा हवेत सुकणारी क्ले, तिच्यात फेविकॉल आणि मातीच्या रंगाचा ॲक्रिलिक आधीच मिसळा, म्हणजे टवका उडाला तरी पांढरं दिसत नाही.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे वजन. सात-आठ टनांचा प्राणी दोन पायांवर उभा आहे आणि त्याच्या पायाखालची माती तसूभरही दबलेली नाही, हे दृश्य प्रदर्शनात जागोजागी दिसतं. क्ले ओली असताना प्राण्याच्या पायाला स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिक फिल्म गुंडाळून पाय दाबून ठसा घ्या. कडेला माती थोडी वर उसळू द्या. मागे दोन-तीन पावलांचे ठसे काढा, पायांतलं अंतर चालीला साजेसं ठेवा. सुकल्यावर पायात तारेची पिन घालून प्राणी त्याच ठशात बसवा. शेवटी ताज्या ठशाच्या तळाला ग्लॉस वार्निशचा एक थेंब. एवढ्याने प्राणी जड होतो, कितीही एअरब्रश फिरवून होत नाही.

झाडांच्या बाबतीत मापाचा हिशोब आधी करावा. तीस मीटरचा सूचिपर्णी वृक्ष १:३५ मध्ये शहाऐंशी सेंटीमीटर होतो. कुणाच्या कपाटात मावणार? म्हणून शहाणे लोक फक्त बुंधा दाखवतात, किंवा पडलेलं खोड. रेल्वे मॉडेलची १:८७ ची तयार झाडं १:३५ च्या प्राण्याशेजारी झुडपं वाटतात. नेच्यासाठी लेसरने कापलेला कागद उत्तम, पण साधा कागद कात्रीने कापून पानाच्या मधल्या शिरेवर बोथट सुईने रेघ ओढली तरी पान छान वळतं. वाळलेल्या तुळशीच्या मंजिऱ्या, नारळाचा काथ्या, वापरून वाळवलेली चहापावडर यांपासून पालापाचोळा सुंदर होतो. मात्र मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात त्यावर बुरशी हमखास येते. आधी कडक उन्हात किंवा मंद ओव्हनमध्ये पूर्ण वाळवा, मग पातळ ॲक्रिलिक वार्निशने सील करा.

पाण्यासाठी दोन भागांचं एपॉक्सी रेझिन. एकदम ओतलं तर तापतं आणि तडकतं, म्हणून दोन-तीन मिलिमीटरचे थर, प्रत्येक थर एक रात्र. गढूळ पाणी हवं असेल तर तपकिरी रंगाचा थेंबभर अंश पुरे. नदीकाठचं पाणी निळं नसतं हे कोणत्याही गोदाकाठच्या माणसाला सांगायला नको.

आपल्याकडे परदेशी किटं महाग पडतात आणि दुकानं मोजकी आहेत. पण बेसला लागणारं जवळपास सगळं सामान हार्डवेअरच्या आणि पूजा साहित्याच्या दुकानात मिळतं. पेणच्या गणपती कारखान्यांत मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिरांच्या हातात जी सफाई आहे तिच्यापुढे युरोपातले डायनोसॉर रंगवणारे फिके पडतील. हे कौशल्य या विषयाकडे वळलेलं नाही, एवढंच.

ज्यांना वळवायचं असेल त्यांच्यासाठी एक विषय सुचवतो. गुजरातमधल्या ढोली डुंगरी गावाजवळ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या धनंजय मोहबे यांना ऐंशीच्या दशकात डायनोसॉरचं घरटं सापडलं. पुढे जीवाश्मशास्त्रज्ञ जेफ्री विल्सन यांच्यासह केलेल्या अभ्यासात त्या दगडात अंड्याभोवती वेटोळं घातलेला सापही आहे हे ओळखलं गेलं आणि २०१० मध्ये त्याला सनाजेह असं नाव मिळालं. साडेतीन मीटरचा साप, सुमारे अर्ध्या मीटरचं नुकतंच अंड्यातून निघालेलं टायटॅनोसॉरचं पिल्लू, काही अंडी, वाळू. १:१० मध्ये साप पस्तीस सेंटीमीटर, पिल्लू पाच, आणि अंडी दीड-दोन सेंटीमीटरची. प्राणी इतके साधे की किट लागतच नाही, पुट्टीने हातानेच होतात. सगळी परीक्षा जमिनीची. कुणीतरी हा देखावा करावा.